नाकातला पॉलिप: धुणं, फवारा, स्कॅन, ऑपरेशन यांचा क्रम चुकवू नका

कापूस घरात यायला लागला आणि जिनिंग सुरू झाल्या की मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते: "भाऊ, नाकमा मास वाढनं, थेंब द्या." थेंब मिळतात, नाक दोन दिवस मोकळं होतं, मग पुन्हा बंद. पुढे कुणीतरी ऑपरेशन सुचवतं, तेही होतं, आणि दोन-तीन वर्षांत माणूस पुन्हा त्याच काउंटरवर उभा असतो. या लोकांना औषध मिळालेलं नसतं असं नाही. बहुतेकांच्या हातात योग्य औषध येऊन गेलेलं असतं. ते कधी, कसं आणि किती दिवस घ्यायचं, तिथे घोळ होतो.

पॉलिप म्हणजे नाकाच्या आणि सायनसच्या आतल्या अस्तराला आलेली जुनाट सूज. सूज वाढत जाऊन अस्तर लोंबायला लागतं. ऑपरेशनने लोंबलेला भाग निघतो, सूज येण्याची प्रवृत्ती राहते. म्हणून नाकात मारायचा रोजचा स्टिरॉइड फवारा हाच मुख्य उपचार आहे, आणि ऑपरेशन त्या फवाऱ्याला आत जायला वाट करून देतं. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम आपोआप पटतो.

## १. आधी हे नक्की करा: मांस, हाड की पॉलिप

आपल्याकडे 'नाकात मांस वाढलं' आणि 'हाड वाढलं' हे दोन शब्द सगळ्या तक्रारींना पुरतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

नाकाचा मधला पडदा एका बाजूला झुकलेला असणं, हे 'हाड'. त्याला फवाऱ्याने सरळ करता येत नाही.

नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर प्रत्येकाला जन्मतः गुलाबी उंचवटे असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. ॲलर्जीत ते फुगतात. आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून जो लाल गोळा दिसतो तो बहुतेक वेळा हाच असतो. तो पॉलिप समजून घाबरलेले लोक मी सतत पाहतो.

खरा पॉलिप फिकट, राखाडीसर, सोललेल्या द्राक्षासारखा ओलसर दिसतो, सहसा दोन्ही बाजूंना असतो आणि त्याला स्पर्श कळत नाही. तो बराच आत, वरच्या बाजूला सुरू होतो, त्यामुळे लहान असताना घरी दिसतच नाही. काडी, कापूस, बोट घालून खात्री करायला जाऊ नका.

लक्षणं अशी: नाक सतत चोंदलेलं, घशात मागून शेंबूड उतरणं, चेहरा जड वाटणं आणि वास कमी होणं किंवा जाणं. हे १२ आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ती साधी सर्दी नाही.

वासाबद्दल एक गोष्ट खास खान्देशासाठी. "मिरचीची फोडणी दिली की ठसका लागतो, म्हणजे वास येतो" असं लोक सांगतात. मिरचीचा खाट, अमोनियाचा झोंबरा वास, बामचा थंडावा हे चेहऱ्याच्या संवेदनेची नस पकडते, वासाची नस नव्हे. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या जागी, ठसका लागणारच. घरी पाहायचं तर डोळे मिटून एकेका नाकपुडीने कॉफी पावडर, वेलदोडा किंवा साबण हुंगा. काड्यांवर भाजलेल्या भरिताच्या वांग्याचा खरपूस वास येतो का, की नुसता तिखटपणाच जिभेला कळतो, हेही आठवून पाहा.

थांबा. खालीलपैकी काही असेल तर पुढच्या पायऱ्या घरी सुरू करू नका, थेट कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा:

- एकाच बाजूची नाकपुडी बंद, विशेषतः रक्त किंवा दुर्गंधी येत असेल
- डोळा सुजणं, बाहेर येणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, दृष्टी कमी होणं
- गाल किंवा दात बधिर होणं
- मधुमेह असताना अचानक चेहरा दुखणं आणि नाकातून काळपट खपली पडणं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने जे पाहायला लावलं ते विसरू नका
- लहान मुलाच्या नाकात गाठ. मुलांत पॉलिप कमी आढळतो, कारण वेगळं असू शकतं. तान्ह्या बाळाच्या नाकातली गाठ मेंदूच्या आवरणाशी जोडलेलीही असू शकते
- किशोरवयीन मुलाला एका बाजूने वारंवार घोळणा फुटणं

तळ्यात-डबक्यात अंघोळ करणाऱ्यांच्या नाकात लालसर, ठिपकेदार, हात लागताच रक्त येणारी वाढ होते, ती ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. तिचा उपचार निराळा.

## २. तज्ज्ञाकडे जाण्याआधीची तयारी

पाच-सात मिनिटांच्या भेटीत सगळं आठवत नाही. कागदावर लिहून न्या.

दम्याचा त्रास आहे का, पंप घेता का. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी वेदनाशामक गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक चोंदून दम लागला आहे का. हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी तुम्ही सांगा. पॉलिप, दमा आणि या गोळ्यांचं वावडं हे त्रिकूट काहींत एकत्र असतं. अशांनी अंगदुखीसाठी कुठलीही पुडी किंवा दोन औषधं एकत्र असलेली गोळी घेणं धोक्याचं आहे. पॅरासिटामॉल साध्या मात्रेत बहुतेकांना चालते, तरी आधी विचारून घ्या.

सध्याची सगळी औषधं पट्टीसकट न्या. नाक मोकळं करणारे थेंब किती दिवस चालू आहेत तेही खरं सांगा. तपकीर ओढत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना ते कळायला हवं.

त्रास वर्षभर सारखा आहे की कापूस वेचणी, मक्याची मळणी, दादर (रब्बी ज्वारी) काढणी या दिवसांत वाढतो, हेही टिपा. धुळीने पॉलिप होतोच असं नाही, पण आधीच सुजलेलं नाक धुळीने आणखी भडकतं.

केळीबद्दल बोलायलाच हवं. रावेर-यावलकडची माणसं नाक बंद झालं की आधी केळी सोडतात, मग दही, मग ताक. केळी खाल्ल्याने पॉलिप वाढत नाही आणि सोडल्याने तो जात नाही.

## ३. तपासणी: आधी दुर्बीण, स्कॅन नंतर

पहिली तपासणी म्हणजे बारीक दुर्बीण नाकात घालून पाहणं. नाक औषधाने थोडं बधिर करतात, काही मिनिटांचं काम असतं. पॉलिप आहे का, एका बाजूला की दोन्हीकडे, किती मोठा, हे त्यातच कळतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या कान-नाक-घसा ओपीडीत दाखवता येतं.

सायनसचा साधा एक्स-रे काढून आलेले लोक बरेच असतात. पॉलिपबाबत त्यातून फारसं ठरत नाही. सिटी स्कॅन उपयोगी आहे, पण त्याची वेळ महत्त्वाची: आधी काही आठवडे औषध, मग गरज उरली तर स्कॅन. कडक सर्दीत काढलेल्या स्कॅनमध्ये सगळंच भरलेलं दिसतं. एकाच बाजूची वाढ किंवा वरची धोक्याची लक्षणं असतील तर मात्र स्कॅनला थांबायचं नसतं, डॉक्टर लगेच सांगतील.

तपासा: बाहेर पडताना तीन गोष्टींची उत्तरं तुमच्याकडे हवीत. पॉलिप नक्की आहे का? एका बाजूला की दोन्ही? पुन्हा कधी दाखवायचं? ही नसतील तर परत आत जा आणि विचारा.

## ४. नाक धुणं

हे फवाऱ्याच्या आधी, रोज. चिकट शेंबडाच्या थरावर मारलेला फवारा अस्तरापर्यंत पोहोचत नाही, म्हणून.

पाणी. नळाचं, बोअरचं, माठातलं, जारचं, कुठलंही पाणी थेट वापरायचं नाही. आरओचं असलं तरी उकळा. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या, त्याच दिवशी संपवा. नेग्लेरिया नावाचा अमीबा कोमट पाण्यात वाढतो आणि नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. केरळात अलीकडच्या वर्षांत अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले आहेत. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, ते 'आयतं गरम आहे' म्हणून नाकात घालणारे आहेत. पितो तेच पाणी आहे, हा युक्तिवाद इथे चालत नाही. पोटातलं आम्ल नाकात नसतं.

मीठ. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा मीठ, साधारण ५ ग्रॅम. आयोडीन नसलेलं मिळालं तर बरं, कमी झोंबतं. त्यात पाव ते अर्धा चमचा खायचा सोडा. खायचा सोडा, धुण्याचा नाही. मेडिकलवर तयार पुड्या मिळतात, त्यांच्यावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या. नुसतं साधं पाणी घातलं की जे कपाळापर्यंत झोंबतं, त्याने लोक पहिल्याच दिवशी सोडून देतात.

कृती. बेसिनवर किंवा मोरीत वाका. डोकं थोडं पुढे आणि एका बाजूला. तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत नाक धुण्याच्या मऊ बाटलीचं टोक लावून बाटली हलकेच दाबा, पाणी दुसरीकडून किंवा तोंडातून बाहेर येईल. 'क-क-क' म्हणत राहिलात तर टाळूचा मागचा भाग वर उचलला जातो आणि घशात कमी उतरतं. एका बाजूला शंभर-सव्वाशे मिली पुरे. मग दुसरी बाजू. शेवटी खाली वाकून निथळू द्या आणि एकेक नाकपुडी हळू शिंकरा.

दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरल्यावर कानाला दडे बसतात, तेही लोक 'धुतल्यामुळे' समजतात. कान दुखला तर दाब कमी करा. दोन्ही बाजू गच्च असतील आणि पाणी पुढे जातच नसेल तर जोर करू नका. तशा नाकाला आधी पायरी ६ लागेल.

बाटली रोज उकळलेल्या पाण्याने विसळून, उघडी ठेवून वाळवा. घरात एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही. योगवर्गात शिकवतात त्या नेतीपात्रालाही पाण्याचा आणि मिठाचा हाच नियम.

## ५. फवारा: सगळ्यात जास्त चुका इथेच

मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड हे नाकात मारायचे स्टिरॉइड फवारे आहेत. स्टिरॉइड शब्द ऐकून बाटली परत करणारे लोक असतात. नाकात मारलेल्या या फवाऱ्यातून रक्तात फारच थोडं जातं, गोळीशी त्याची तुलना होत नाही. काचबिंदू असेल किंवा दम्याचा स्टिरॉइड पंपही चालू असेल तर डॉक्टरांना सांगून ठेवा.

क्रम असा:

१. नाक धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा.
२. बाटली हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत मारा.
३. मान खाली, हनुवटी छातीकडे. डोकं मागे टाकायचं नाही. डोकं मागे गेलं की औषध सरळ घशात जातं.
४. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. असं केलं की टोक आपोआप बाहेर, कानाच्या दिशेने वळतं.
५. दाबताना अगदी हलका श्वास, फुलाचा वास घेतो तेवढाच. तोंडाने सोडा.
६. पुढची पंधरा मिनिटं शिंकरू नका.

टोक मधल्या पडद्याकडे रोखलं की काही दिवसांत घोळणा फुटतो, आणि दोष औषधावर येतो. आपल्या उन्हाळ्यात पडदा आधीच कोरडा असतो. घोळणा फुटला तर दिशा तपासा, थांबला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तपासा, अगदी सोपं: घशात कडवट चव लागते का? लागत असेल तर डोकं मागे जातंय किंवा श्वास जोरात ओढला जातोय.

दुसरी तपासणी, ही मी काउंटरवरून करतो: १२० फवाऱ्यांची बाटली आणि प्रत्येक नाकपुडीत दोन, दिवसातून एकदा असं लिहिलं असेल, तर दिवसाला ४ होतात आणि बाटली ३० दिवसांत संपली पाहिजे. दिवसातून दोनदा असेल तर १५ दिवसांत. एकच बाटली अडीच महिने पुरवणारा माणूस 'फवाऱ्याने फरक पडला नाही' म्हणतो, तेव्हा त्याने औषध घेतलेलंच नसतं.

फरक एका रात्रीत दिसत नाही. नाक मोकळं वाटायला आठवडे लागतात, पूर्ण परिणाम कळायला दोन-तीन महिने द्या. बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरवर ठेवू नका, घरातल्या सावलीच्या कपाटात ठेवा.

थेंबांची सूचना. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त नको. पुढे नाक त्यांच्यावरच अवलंबून राहतं, थेंब उतरले की आधीपेक्षा जास्त चोंदतं. पॉलिपवर त्यांचा काही उपचार नाही. नाकात तेल, लसणाचा रस, जाळणारं औषध हे तर नकोच. रस्त्याकडेच्या पाटीवर मूळव्याध, भगंदर आणि नाकातलं मांस 'विना ऑपरेशन' एकाच रांगेत लिहिलेलं असतं. तिथे क्षार लावून अस्तर जाळलं की आत चिकटे तयार होतात, म्हणजे अस्तर एकमेकांना चिकटतं, आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

## ६. गोळ्यांचा छोटा कोर्स

नाक पूर्ण बंद असेल किंवा वास गेला असेल तर डॉक्टर प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइड गोळ्या एक ते तीन आठवडे देतात. पॉलिप लवकर आक्रसतो, वास परत येतो, माणूस खूश होतो. इथेच घात होतो: पुढच्या वेळी तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या मागितल्या जातात. असे कोर्स वर्षात एक-दोनदाच. साखर चढते, बीपी वाढतं, वारंवार घेतल्यास हाडं ठिसूळ होतात. मधुमेह असेल तर कोर्स सुरू असताना साखर रोज तपासा.

गोळ्या चालू असतानाही फवारा बंद करायचा नाही. नाक उघडलेलं असतं, तेव्हाच तो सगळ्यात खोल जातो.

अँटिबायोटिक पॉलिपवर चालत नाही. पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, ताप, दुखणं असेल तर डॉक्टर ठरवतील.

## ७. ऑपरेशन कधी, आणि त्याची तयारी

धुणं आणि फवारा नीट, दोन-तीन महिने करूनही नाक बंदच असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. एकाच बाजूला, गालाच्या सायनसमधून निघून मागे घशाकडे लोंबणारा पॉलिप तरुणांत आणि मुलांत दिसतो. त्याला फवाऱ्याने विशेष फरक पडत नाही, तिथे ऑपरेशन आधी येतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला 'फेस' (FESS) म्हणतात. चेहऱ्यावर काप नसतो. पूर्ण भूल देऊन पॉलिप काढतात आणि सायनसची तोंडं मोठी करतात. सायनसला लागून डोळा आणि मेंदू असल्यामुळे सिटी स्कॅनशिवाय हे करत नाहीत. रक्तस्राव, डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचं पाणी गळणं हे धोके कमी आढळतात, पण सही करण्याआधी विचारून घ्या.

तयारी:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांनी दिल्या त्यांना विचारूनच थांबवा. हृदयात स्टेंट असताना स्वतःच्या मनाने बंद करणं जिवावर बेततं.
- आयुर्वेदिक काढे, लसणाच्या कॅप्सूल घेत असाल तर सांगा.
- साखर आणि बीपी आटोक्यात. दमा असेल तर पंप चुकवू नका.
- विडी, तंबाखू, मिस्री, तपकीर आधीच बंद.
- भुलेआधी किमान सहा तास घन अन्न नाही. चहा दुधाचा असतो, तोही अन्नातच धरा.
- ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे ॲडमिट होण्याआधी रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला विचारा.
- तारीख ठरवताना शेती पाहा. ऑपरेशननंतर दोन आठवडे मळणीच्या धुळीत जाता येणार नाही.

## ८. ऑपरेशननंतर

पहिले दोन आठवडे जोरात शिंकरणं नाही, वाकून वजन उचलणं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. रक्तमिश्रित पाणी काही दिवस येतं, खपल्याही पडतात, त्या ओढू नका. धुणं कधीपासून ते डॉक्टर सांगतील, बहुधा एक-दोन दिवसांत. पायरी ४ जशीच्या तशी, पाणी उकळून. सफाईसाठी बोलावलेल्या भेटी टाळू नका. बरं वाटतंय म्हणून न गेलेल्यांच्या नाकात आत चिकटे होतात.

लगेच फोन करा किंवा परत जा: न थांबणारा रक्तस्राव, डोळ्याभोवती सूज किंवा दृष्टीत फरक, जोराचं डोकं दुखून ताप आणि मान आखडणं, वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ, खारट पाणी टपकणं. शेवटचं सर्दी समजून लोक घरी बसतात.

काढलेला तुकडा तपासणीला गेला का, हे विचारा आणि तो रिपोर्ट हातात घ्या. पॉलिपसारखी दिसणारी गाठ दुसरीच काही निघू शकते, आणि ती या कागदावरच कळते.

आणि फवारा. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून परत सुरू, पुढे महिनोन्‌महिने, अनेकांना वर्षानुवर्षं. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो, असं धरून बाटली फेकणाऱ्यांचा पॉलिप परत येतो. आता वाट मोकळी असते, तेव्हा फवारा आधीपेक्षा चांगला पोहोचतो. काहींना बुडेसोनाइड धुण्याच्या पाण्यात मिसळून देतात, तेवढं मात्र डॉक्टरांच्या प्रमाणातच.

## ९. परत आला तर

पॉलिप परत येऊ शकतो. दमा आणि गोळ्यांचं वावडं असलेल्यांत जास्त. वास पुन्हा कमी होणं हे बहुधा पहिलं लक्षण, नाक बंद होण्याची वाट पाहू नका. तेव्हा आधी स्वतःची पायरी ४ आणि ५ तपासा: पाणी, मीठ, मान, हात, बाटली किती दिवसांत संपते. मग तज्ज्ञाकडे.

वारंवार परत येणाऱ्या, दम्यासोबतच्या पॉलिपसाठी ड्युपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला पॉलिपसाठी मान्यता मिळाली. ते त्वचेखाली, सहसा दर दोन आठवड्यांनी घ्यावं लागतं आणि महाग आहे. किती महिने लागतील, महिन्याला खर्च किती, थांबवल्यावर काय होतं, हे सुरू करण्याआधी विचारा.

वास गेलेला असेपर्यंत घरात गॅसची शेगडी आणि नळी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, शिळं अन्न दुसऱ्याला हुंगायला द्या. जिनिंगमध्ये, मळणीवर, पथारीवर काम करताना नाक-तोंड झाकणारा नीट बसणारा मास्क लावा, रुमाल बारीक धूळ अडवत नाही. घरी आल्यावर आधी नाक धुवा. सिटीच्या फिल्म, दुर्बिणीचा रिपोर्ट आणि तुकड्याचा रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी पहिल्यात काय काढलं होतं, हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं.